हाडात ठेवलेली माळ

हाडात जंतू शिरले, पू साठला, की आतला दाब वाढतो. रक्तवाहिन्या दबतात आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. रक्त पोचत नाही तिथं शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. मेलेल्या हाडावर जंतू स्वतःभोवती चिकट थर धरून वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून सर्जन ते हाड खरवडून काढतात. मागं उरते पोकळी, आणि तिथं साचलेल्या रक्तावर उरलेसुरले जंतू पुन्हा पोसले जातात.

ही पोकळी भरायची कशानं? 1892 मध्ये जर्मनीत ड्रेसमान यांनी फिनॉल मिसळलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं. आज पोकळीत ठेवतात त्या औषधी मण्यांच्या माळेचं कूळ मात्र हॅम्बुर्गचं. कृत्रिम खुबा बसवायला वापरतात त्या बोन सिमेंटमध्येच तिथल्या बुखहोल्झ यांनी अँटिबायोटिक कालवलं. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं आणि त्या उष्णतेत काही औषधं निकामी होतात. जेंटामायसिन टिकलं, शिवाय कडक झालेल्या सिमेंटमधून पाझरतही राहिलं. बुखहोल्झ आणि एंगेलब्रेख्ट यांनी हे 1970 मध्ये प्रसिद्ध केलं.

पुढचं पाऊल फ्रँकफर्टच्या क्लाउस क्लेम यांचं, आणि मला तेच सर्वांत सुंदर वाटतं. औषध सुटतं ते मुख्यतः सिमेंटच्या पृष्ठभागावरून. मोठा गोळा भरला तर आतलं आतच अडकतं. क्लेम यांनी बारीक मणी केले आणि पुढं ओढून काढता यावेत म्हणून ते स्टीलच्या तारेत ओवले. कारखान्यातला मणी 7 मिलिमीटरचा, त्यात 7.5 मिलिग्रॅम जेंटामायसिन सल्फेट. जखमेत औषध इतकं दाट होतं की तेवढं रक्तात असतं तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा झाली असती; रक्तात मात्र ते अगदी थोडं उतरतं.

आपल्याकडे तयार माळ नसली तर सर्जन ऑपरेशन टेबलावरच सिमेंटमध्ये औषधाची पूड कालवून मणी वळतात, तारेवर बसवतात. औषध ओसरलं की त्याच मण्यांवर जंतू बसू शकतात, म्हणून काही आठवड्यांनी माळ काढावी लागते; कित्येकदा त्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया होते. ती टाळायला आता कॅल्शियम सल्फेटचे, आपोआप विरघळणारे मणी आलेत. ड्रेसमान यांचं प्लास्टरही कॅल्शियम सल्फेटच होतं.

माळ घातली तरी शिरेतून किंवा तोंडानं अँटिबायोटिक बहुधा सहा आठवडे चालू राहतं. आणि मेलेलं हाड आत राहून गेलं, तर कुठल्याच मण्यानं पू थांबत नाही.