धुळ्याची टिपणं आणि जळगावच्या डिस्क

मागच्या मे महिन्यात जळगावहून मामाचा फोन आला. "भो, तो डबा बंद पडला. सगळे फोटो गेले."

मामाचा जळगावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी. वीसेक वर्षांचं काम त्याने नेटवर्कला जोडलेल्या एका डब्यात ठेवलं होतं. या डब्यांना नॅस म्हणतात. आत चार हार्ड डिस्क, प्रत्येकी दोन टेराबाइटची. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "साहेब, यात एक डिस्क मेली तरी डेटा जात नाही." ते खरंच होतं. पण एक डिस्क कधीतरी मेली, समोर लाल दिवा लागला आणि स्टुडिओतल्या सगळ्यांना वाटलं की तो दिवा तसाच असतो! मग मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर ४५ डिग्री असताना, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर डबा उठलाच नाही.

इथपर्यंत फारसं बिघडलं नव्हतं. खरा घोळ पुढे झाला. एका दुरुस्तीवाल्याने चारही डिस्क बाहेर काढल्या, त्यावर नंबर न घालता टेबलावर ठेवल्या, आणि मग दुसऱ्या डब्यात जमेल त्या क्रमाने घातल्या. त्या डब्याने विचारलं, "नवीन मांडणी करू का?" हा हो म्हणाला. मामाने ओरडून प्लग काढला म्हणून पुढचं वाचलं, पण कोणती डिस्क कितवी ही डिस्कवरची नोंद तेवढ्यात पुसली गेली होती.

मंडळी, आता थोडं तांत्रिक. चार डिस्कच्या या पद्धतीला रेड ५ म्हणतात (लाल दिव्याशी संबंध नाही). समजा तीन वह्यांत ४, ७ आणि २ असे आकडे लिहिले आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज १३ लिहिली. कुठलीही एक वही हरवली तरी उरलेल्या तिघींवरून तो आकडा काढता येतो. डिस्कवर साध्या बेरजेऐवजी बिटांची एक खास बेरीज असते, आणि ती एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने चारही डिस्कवर ठेवतात. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त, लहान डिस्क एकत्र बांधा, हे त्याचं म्हणणं. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी मरण्याची शक्यताही जास्त. म्हणून ही जादा बेरीज. 'रेड' हे नाव तिथून आलं.

गंमत अशी की बेरजेला क्रम कळत नाही. ४, ७, २ घ्या नाहीतर २, ४, ७ घ्या, उत्तर १३ च. म्हणजे रेड हरवलेला आकडा परत देईल, पण आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे ते सांगणार नाही. ते कुठेतरी वेगळं लिहिलेलं असावं लागतं. मामाच्या बाबतीत तेच गेलं होतं.

मी शुक्रवारी रात्री जळगावला पोचलो. पहिला नियम: मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. तिन्ही जिवंत डिस्कच्या हुबेहूब नकला काढायला लावल्या. दोन टेराबाइटची धडधाकट डिस्क वाचायला पाच-सहा तास लागतात, आणि यातली एक अडखळत होती, काही जागी वाचताच येत नव्हतं. शनिवारी करायला काही काम नव्हतं. मामी म्हणाली, धुळ्याला मावशीकडे जाऊन ये. शंभरेक किलोमीटर तर आहे. गेलो.

धुळ्यात जुन्या गावातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर एक, दोन, तीन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जच्या काळात पेठ आखून बसवली तेव्हापासूनची ही शिस्त. दुरुस्तीवाल्याला चार डिस्कवर जे सुचलं नाही ते या गावाला दोनशे वर्षांपूर्वी सुचलं होतं :-) त्या गल्ल्यांतून फिरताना इतिहासाचार्य राजवाडे आठवले, कारण ते याच गावात गेले, ३१ डिसेंबर १९२६ ला.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे म्हणजे शाळेत एका वाक्यात उरकलेला माणूस. प्रत्यक्षात आयुष्यभर गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांत पडलेली जुनी दप्तरं शोधून, त्यांच्या नकला करून छापणारा हा गृहस्थ. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ ला आला, आणि असे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यातही ते होते. पुढे तिथल्या लोकांशी पटलं नाही आणि अखेरच्या काळात त्यांनी धुळे जवळ केलं.

तेव्हा जुन्या कागदांवर वाळवी, पाऊस आणि बेफिकीर वारस, तिघांचाही हल्ला चालू होता. राजवाडे करत होते ते काम आमच्या भाषेत डिस्क पूर्ण मरायच्या आत तिची नक्कल काढण्याचं. पण त्यातही एक धडा आहे. त्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी एकनाथांच्या आधीची आहे असं त्यांचं मत होतं. पुढे ती मूळ पोथी अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही, हाती उरली ती छापील प्रत. नक्कल वाचली, पण ती कशावरून केली हे पडताळायची सोय गेली. त्या पोथीच्या जुनेपणाचा वाद आता नुसत्या तर्कावर चालतो.

राजवाडे वारले तेव्हा त्यांच्या डोक्यात आणि कागदांवर बरंच अर्धवट काम होतं. मराठी धातूंची टिपणं, शब्दांच्या व्युत्पत्ती. विचार करा, लाखो तुकडे आहेत आणि कुठला तुकडा कुठे जोडायचा हे ठाऊक असलेला एकमेव माणूस गेला. आमच्या धंद्यात याला 'कंट्रोलर गेला' म्हणतात, आणि ती वेळ डिस्क जाण्याहून वाईट असते.

धुळेकरांनी काय केलं? पुढच्याच वर्षी, १९२७ ला, राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. भास्कर वामन भट त्यात पुढे होते. कागद एका जागी आले. पण नुसते कपाटात ठेवून उपयोग नव्हता, ते लावणारा माणूस हवा होता. ते काम कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी केलं. राजवाड्यांचा मराठी धातुकोश १९३७ ला धुळ्याहून निघाला आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९४२ ला. म्हणजे माणूस गेल्यावर अकरा आणि सोळा वर्षांनी. कुलकर्णी स्वतः भाषेचे अभ्यासक होते, १९४६ ला त्यांचा स्वतःचा मराठी व्युत्पत्तिकोश आला. मला वाटतं म्हणूनच हे जमलं. तुकडे जोडणाऱ्याला आतला मजकूर कळावा लागतो, नुसती डिस्क कळून चालत नाही. आणखी पुढे १९९५ पासून मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली याच मंडळाने राजवाड्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत काढलं.

क्रम आणि किल्ली गेली की काय होतं याचं आणखी एक उदाहरण राजवाड्यांच्याच कामात आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर किंवा खूण, अशी ती पद्धत. पोथ्या शाबूत, शाई शाबूत, पण बाहेरच्या माणसाला एक ओळ लागेना. १९१० च्या सुमारास राजवाड्यांनी त्यातल्या संकेताचा उलगडा केला आणि जुनं मराठी गद्य पंथाबाहेरच्या वाचकांपुढे यायला वाट झाली.

त्याच पंथाचं लीळाचरित्र तर चक्क मेलेल्या डिस्कवरून परत आणलेलं आहे! म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा क्रमाने लावल्या. परंपरा सांगते की पुढे खालशाच्या धाडीत, म्हणजे मुसलमानी स्वारीच्या धामधुमीत, मूळ पोथी गेली, आणि मग हिराइसेसारख्या पाठांतर असलेल्या माणसांच्या आठवणीवरून ती पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे वेगवेगळे पाठ झाले, लीळांचा क्रम आणि संख्या हलली. १९७८ ला वि. भि. कोलत्यांनी संपादित आवृत्ती काढली तेव्हा त्यांच्यापुढे हेच पाठांचं जंगल होतं. मजकूर लोकांच्या डोक्यात होता म्हणून वाचला, आणि डोक्यात होता म्हणूनच थोडा हललाही.

असो. रविवारी दुपारी परत निघालो. वाटेत चाळीसगावचा फाटा लागला आणि इंजिनिअरिंगला असताना पितळखोऱ्याच्या ट्रेकला आम्ही बाईकवर गेलो होतो ते आठवलं. त्याच डोंगराखाली पाटणादेवी आहे. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. शके ११२८ चा, साधारण इ. स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे सिद्धांतशिरोमणी वगैरे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं, असं त्यात आहे. शेवटच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत.

आता बघा. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी ११५० ला लिहिला. त्यातली लीलावती देशभर उतरवली गेली. १५८७ ला अकबराच्या दरबारातल्या फैजीने तिचं फारसी भाषांतर केलं, १८१७ ला कोलब्रुकने इंग्रजी. एखाद्या गावात सगळ्या पोथ्या जळाल्या असत्या तरी लीलावतीचं काही बिघडलं नसतं. उलट चांगदेवाचा मठ गेला, त्यात कोण शिकलं, काय शिकवलं, सगळं गेलं. उरला तो एक दगड. तोही भाऊ दाजींनी वाचून छापेपर्यंत एकुलती एक प्रत होता. दगड टिकला हे आपलं नशीब. लीलावती मात्र नशिबावर टिकलेली नाही.

रविवारी रात्री जळगावला कामाला बसलो. चार जागा आणि तीन डिस्क, म्हणजे २४ मांडण्या. शिवाय एका वेळी किती मोठा तुकडा एका डिस्कवर जातो ते वेगळंच. छोट्या फाइली एकाच तुकड्यात मावतात, त्या कुठल्याही क्रमाने उघडतात आणि उगाच आशा लावतात. खरी परीक्षा मोठ्या फोटोची. चुकीच्या मांडणीत वरच्या पट्टीत नवरदेवाचा फेटा दिसे आणि खाली सगळं करडं. मामा शेजारी बसून होता. सतराव्या मांडणीला फेट्याखाली चेहरा आला, मग हार, मग अख्खं मंडप. मामा म्हणाला, "हे आपल्या पाचोऱ्याच्या पाटलांचं लग्न." दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

जवळपास सगळं परत आलं. ज्या जागा अडखळत्या डिस्कवर वाचताच आल्या नव्हत्या तेवढं गेलं, कारण चौथी डिस्क मेल्यामुळे बेरीज तपासायला काही उरलं नव्हतं. त्या गेलेल्यात एक स्कॅन होतं. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, नानांचा एकुलता एक चांगला फोटो. मूळ कागदाला वाळवी लागली होती म्हणून मामाने तो स्कॅन करून डब्यात "सुरक्षित" ठेवला होता. फाइल उघडली तर टोपी आणि कपाळ आलं, त्याखाली काही नाही. मामा उठून बाहेर गेला.

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, धुळ्याला मावशीच्या हॉलमध्ये घड्याळाशेजारी लावलाय तो काय आहे?"

नानांच्या वर्षश्राद्धाला मामानेच तो मोठा करून तिला दिला होता आणि विसरून गेला होता. शनिवारी रात्री मी त्याच फोटोखाली गादी टाकून झोपलो होतो.

आता मामाकडे नवा डबा आहे. प्रत्येक डिस्कवर मार्करने नंबर घातलेत, मांडणीचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, लाल दिव्याचा अर्थ स्टुडिओतल्या पोरांना माहीत आहे. आणि दर महिन्याला एक वेगळी डिस्क भरून एसटीने किंवा कोणी जाणारं असेल त्याच्या हातून धुळ्याला जाते. मावशी ती नानांच्या फोटोखालच्या कपाटात ठेवते.

तुमच्याकडे असा डबा असेल तर आज त्याचा दिवा बघून घ्या. आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा.