चर्चाधिष्ठित नागरिकशास्त्र : अध्यापक-प्रशिक्षण

लोकशाही नागरिकत्व वर्गचर्चेतून शिकवण्यासाठी सामाजिक शास्त्रांच्या नव्या शिक्षकांना दिली जाणारी तयारी. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. पण वाढलेला काळ सरावपाठांच्या टाचणांतच संपला, तर शिक्षक उत्तम सांगतो, ऐकत मात्र नाही. चर्चा चालवणे हे शिकूनच येणारे कसब आहे: मुद्द्याला दोन रास्त बाजू असाव्यात, पुरावा आधी वाचलेला असावा, गप्प मुलालाही बोलायची संधी मिळावी. अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात असे मुद्दे शोधावे लागत नाहीत. वान धरणाचे पाणी खारपाणपट्ट्यातल्या (खाऱ्या भूजलाच्या भागातल्या) गावांना पिण्यासाठी द्यायचे की ओलितासाठी राखायचे, या एका प्रश्नात हक्क, ग्रामसभा आणि राज्यशासन तिन्ही येतात. अकोटसह साऱ्या वऱ्हाडला चर्चेची ही रीत परकीही नाही. गाडगेबाबांचे कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारतच पुढे सरकत असे.

अशा चर्चांनी वर्गात राजकारण शिरेल, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु पक्षप्रचार आणि सार्वजनिक प्रश्नाची छाननी यांतला फरक शिक्षकाला प्रशिक्षणातच कळायला हवा. अभ्यासक्रम उरकत नाही, ही अडचणही खरी. म्हणून प्रत्येक धड्यावर नव्हे, सत्रात दोन-तीनच चर्चा घ्याव्यात, पण पूर्ण तयारीने. तयारीत भाषेचाही विचार हवा: सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत कोरकू बोलणाऱ्या मुलांना आधी स्वतःच्या भाषेत मत मांडू द्यावे.