मागच्या बाकावरचा हिटलर

प्रवासात दोन बायका बोलण्यात रंगून गेल्यात. घरचं, दारचं, कदाचित पोराची पलटण कुठे हलली तेही. मागच्या बाकावर हिटलर आणि गलेलठ्ठ गोअरिंग बसलेत. मोजक्या रेषा, भरपूर कोरी जागा, भोवती लाल पट्टी. 1940 च्या फेब्रुवारीत ब्रिटनभर लागलेल्या आठ चित्रांपैकी हे एक. बेफिकीर बोलण्यानं जीव जातात, एवढीच सगळ्यांची ताकीद.

चित्रकार होते ‘पंच’ साप्ताहिकाचे सिरिल केनेथ बर्ड. सही करायचे ‘फुगास’ अशी. 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या काळात ते व्यंगचित्रांकडे वळले. युद्धकाळातली ही सरकारी कामं त्यांनी मानधन न घेता केली.

माझी सगळी नोकरी प्रचारचित्रं रंगवण्यात गेली. अल्पबचत, देवीची लस, कुटुंबनियोजन. त्यामुळे भित्तिचित्राला तीन अडथळे पार करावे लागतात हे फुगासचं म्हणणं मला पुरेपूर पटतं. एक, सूचना वाचायचाच माणसाला कंटाळा. दोन, वाचली तरी ती आपल्यासाठी आहे असं त्याला वाटत नाही. तीन, वाटलं तरी कृती करेपर्यंत ती लक्षात राहत नाही. यातला दुसरा सगळ्यात चिवट. लसीच्या चित्रापुढे उभा राहून ‘हे शेजाऱ्यांना दाखवा’ म्हणणारी माणसं मी गावोगाव पाहिली आहेत. फुगास हा अडथळा हसवून ओलांडतात. त्या दोघी मूर्ख नाहीत, देशद्रोही तर नाहीतच. बघणारा आधी हसतो, मग त्याला स्वतःचंच कालचं बोलणं आठवतं. दुसऱ्या एका चित्रात भिंतीच्या कागदावर नक्षी म्हणून हिटलरचीच तोंडं आहेत. भिंतींनाही कान असतात, ते असे!

त्याआधी 1939 मध्ये माहिती मंत्रालयानं लाल कागदावर राजमुकुट आणि ठळक अक्षरं छापली होती. तुमचं धैर्य, तुमचा आनंदी स्वभाव, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल, असा मजकूर. म्हणजे सोसायचं तुम्ही आणि जिंकायचं आम्ही, असं लोकांना वाटलं आणि टीका झाली. त्याच मालिकेतलं, आज चहाच्या कपांवर दिसणारं ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ जवळपास 25 लाख प्रतींत छापलं गेलं, पण फारसं लागलंच नाही. बहुतेक प्रती पुढे लगद्यात गेल्या.

एवढं होऊनही मंत्रालय शहाणं झालं नाही. फ्रान्स पडल्यावर जुलै 1940 मध्ये ‘सायलेंट कॉलम’ नावाची मोहीम निघाली. अफवा पसरवणाऱ्याला गप्प करा, ऐकत नसेल तर पोलिसांना कळवा, असा तिचा सूर. त्याच सुमारास निराशेचं बोलल्याबद्दल साध्यासुध्या माणसांवर खटलेही चालत होते. डंकर्कहून नुकत्याच परतलेल्या, किंवा न परतलेल्या, पोरांच्या आईबापांना ‘आता आपलं काही खरं नाही’ एवढंही बोलायची चोरी. मला याची आजही चीड येते. ज्यांच्या जिवावर लढायचं त्यांनाच संशयित ठरवून कोणतं सरकार त्यांची साथ मिळवणार? लोकांनीही राग लपवला नाही. अखेर 23 जुलैला चर्चिलनी कॉमन्स सभागृहात मोहीम गुंडाळल्याचं सांगितलं.