डहाणू : गाईचे नाव की नदीचे?

डहाणू हे नाव कसे पडले, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते. पूर्वी येथे गाई पुष्कळ होत्या, म्हणून 'धेनुग्राम'. त्याचेच झाले डहाणू. उत्तर गोड आहे, पण ते पुराव्याला टिकते का?

गावाच्या नावाचा अर्थ लावण्याआधी त्याचे सर्वांत जुने लेखी रूप शोधावे. डहाणूचे असे रूप नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. ज्या नद्यांवर त्याने नावेने फुकट पलीकडे जाण्याची सोय केली, त्यांची नावे त्यात दिली आहेत: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका ही डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे उषवदाताने तीन लाख गाई दान दिल्याचेही याच लेखात आहे. पण त्या गाईंचा दाहनुकेशी संबंध जोडलेला नाही.

आता उच्चार तपासू. वालुकेची वाळू झाली, तसे दाहनुकाचे डहाणू. पानीयाचे पाणी होताना 'न'चा 'ण' झाला, दंशाचा डास होताना 'द'चा 'ड' झाला. हे दोन्ही बदल येथे दिसतात. उलट 'ग्राम'चे मराठीत बहुधा 'गाव' होते. धेनुग्रामाच्या शेवटी 'गाव' उरायला हवे होते.

शेजारचे उदाहरण पाहा. तलासरीच्या उत्तरेला गुजरातच्या हद्दीत संजाण आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणीला मिळालेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट ताम्रपटात त्याचे नाव 'संयान' आहे. संयोगाचा संजोग होतो, तसेच हे.

गावावरून पुढे आडनाव होते. गावातल्या माणसाला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? तो परगावी गेला की 'डहाणूकर' होतो. इंग्लंडमध्येही असेच घडले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पूर्वजांनी डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टन या गावाचे नाव घेतले. त्या नावाचाही 'वॉशिंग'शी, म्हणजे धुण्याशी, संबंध नाही. एका जुन्या व्यक्तिनामाला वस्ती या अर्थाचा 'टन' जोडून ते बनले आहे.

विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाच्या नावाची जुनी रूपे दस्त, नकाशे व गॅझेटिअरमधून जमवून घ्यावीत. प्रत्येक रूपापुढे साल लिहावे. गावातली कथाही लिहून घ्यावी, पण वेगळ्या रकान्यात.