साक्षीदार वाचला म्हणून

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबफेकी हवाई दलात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांचे मिळून सुमारे १,२५,००० विमानसैनिक लढले. त्यांपैकी ५५,५७३ जण प्राणास मुकले. रात्री उडालेले विमान पहाटे परतले नाही, एवढेच बहुधा मागे राहिलेल्यांना कळे. घरी तार जाई, आणि तीतला ‘बेपत्ता’ हा शब्द आईबापांना महिनोन्‌महिने उराशी बाळगावा लागे. इंग्लंडमधील रनीमीड येथील स्मारकावर, ज्यांची कबरही कोठे नाही अशा वीस हजारांहून अधिक विमानसैनिकांची नावे कोरलेली आहेत. अखेरच्या घटकेस त्यांतील कोण कसा वागला, हे सांगावयास बहुधा कोणी उरले नाही. अँड्र्यू मिनार्स्कीची कथा मात्र जगाला कळली. कारण तिचा एकमेव साक्षीदार वाचला.

मिनार्स्कीचा जन्म १९१६ साली कॅनडातील विनिपेग शहरी, पोलंडहून आलेल्या कुटुंबात झाला. वडील अकाली वारले, तेव्हा कातडे कापण्याचे काम करून त्याने घराला हातभार लावला. १९४१ साली तो हवाई दलात शिरला. पुढे इंग्लंडमधील मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावर, कॅनडाच्या ४१९ क्रमांकाच्या तुकडीत, लँकेस्टर विमानाच्या पाठीवरील मनोऱ्यात बसून तो मशीनगन चालवी. शेपटाकडील मनोरा त्याचा जिवलग मित्र पॅट ब्रोफी ह्याच्याकडे होता. ब्रोफी हुद्द्याने वरचा. म्हणून रात्री निरोप घेताना मिनार्स्की थट्टेने सलाम ठोकून त्याला ‘गुड नाइट, सर’ म्हणे.

१२ जून १९४४ च्या रात्री त्यांचे विमान फ्रान्समधील काँब्रे येथील रेल्वेच्या यार्डावर बाँब टाकण्यास निघाले. दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरून सहाच दिवस झाले होते, आणि जर्मन कुमक अडविणे निकडीचे होते. मध्यरात्रीनंतर एका जर्मन लढाऊ विमानाने त्यांना गाठले. डावीकडील दोन्ही इंजिने निकामी झाली, पंखाने व विमानाच्या मागील भागाने पेट घेतला. कप्तानाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला.

मिनार्स्की दारापाशी पोहोचला, तोच त्याची नजर ब्रोफीकडे गेली. इंजिने बंद पडल्याने ब्रोफीचा मनोरा फिरेना. हाताने फिरविण्याची मूठही तुटली होती. समोरचे दार मोकळे असताना मिनार्स्की मागे वळला. ज्वाळांतून सरपटत तो मित्रापाशी गेला, प्रथम कुऱ्हाडीने आणि मग नुसत्या हातांनी त्या मनोऱ्याशी झुंजला. त्याच्या कपड्यांना व हवाई छत्रीला आग लागली. अखेर ब्रोफीनेच त्याला खुणेने परत जाण्यास विनविले. दाराशी जाऊन मिनार्स्की जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम केला. ओठ हलले, शब्द ऐकू आले नाहीत, पण ते कोणते हे ब्रोफीला ठाऊक होते.

जळती छत्री घेऊन तो खाली आला. फ्रेंच गावकऱ्यांनी त्याला उचलले. परंतु भाजल्या जखमांनी त्याचा अंत झाला. विमान जमिनीवर कोसळले आणि त्या आदळण्यातच मनोरा तुटून ब्रोफी बाहेर फेकला गेला. तो जिवंत होता! सातांपैकी सहा जण वाचले. गेला तो एकटा मिनार्स्की.

ब्रोफीच्या साक्षीमुळे ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. फ्रान्समधील मेआरिकूर येथे त्याची कबर आहे. १९८८ साली कॅनडातील हॅमिल्टन येथील एक लँकेस्टर विमान त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आले, आणि २००५ साली इंग्लंडमधील त्याच्या जुन्या तळावर त्याचा पुतळा उभा राहिला.

मिनार्स्की मित्राला सोडवू शकला नाही. तरीही त्याचा गौरव झाला तो त्या फसलेल्या प्रयत्नासाठीच. ब्रोफी त्या रात्री दगावता, तर मिनार्स्कीचे नाव मृतांच्या यादीत इतरांसारखेच एक नाव होऊन राहिले असते. त्या यादीतील आणखी किती जण मोकळ्या दाराशी उभे राहून मागे वळले असतील! त्यांचे साक्षीदार त्यांच्याबरोबरच गेले. मिनार्स्कीची आठवण काढताना त्यांचीही आठवण व्हावी, हेच त्या सलामाला उचित उत्तर होय.