सहा गठ्ठा पद्धत
सरकारी कार्यालयातील कागदपत्रांची निगा एकट्या अभिलेखपालावर न टाकता प्रत्येक लिपिकाच्या टेबलावर वाटून देणारी पद्धत. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ती १९८०च्या दशकात रुजवली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती राज्यभर गेली. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे, असे हे सहा गठ्ठे. निकाली प्रकरणाचा वर्गही टेबलावरच ठरतो : ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षे, ‘ड’ जेमतेम वर्षभर. खरी मेख इथेच. वर्ग लावण्याचा कंटाळा केला, की निकाली फायली प्रलंबितांतच साचतात आणि अभिलेख कक्ष रिकामा असूनही कपाटावर बासने चढतात. तपासणीची तारीख लागली, की मात्र गठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या डकवल्या जातात.