सी.आर. नेमका कोण ठरवतं?

2016 साली मी सी.आर. झालो, तेव्हा मला कोणीच मत दिलं नव्हतं. मी गोंदियात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, नागऱ्याहून सायकलने जाणं-येणं करायचो. एके दिवशी सरांनी वर्गात यादी वाचली. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त मार्क माझे, म्हणून वर्ग प्रतिनिधी मी. टाळ्या झाल्या आणि प्रॅक्टिकल सुरू झालं.

वर्गासाठी खरी भांडणारी मुलगी वेगळीच होती. एस.टी.च्या पासचा घोळ असो की प्रयोगशाळेत बर्नर कमी पडोत, ऑफिसच्या खिडकीशी तीच उभी राहायची. पण परिषदेत मी होतो, ती नव्हती. मी बैठकीत चहा प्यायलो, रजिस्टरवर सही केली आणि एक शब्द न बोलता परत आलो.

बरीच वर्षं मला वाटायचं, ही आमच्याच कॉलेजची रीत असावी. पीएच.डी.ला लागल्यावर मूळ कागद बघायची सवय लागली, तेव्हा कायदा उघडला. मित्रांनो, उत्तर तिथेच होतं.

1994 पूर्वी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत थेट निवडणुका व्हायच्या. पॅनेल, पोस्टर, मिरवणुका आणि मारामाऱ्याही. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि या निवडणुका बंद कराव्यात या मागणीला जोर आला. मग आला महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, 1994. त्यात कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष स्वतः प्राचार्य. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी, आधीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर, प्राचार्यांनी 'नामनिर्देशित' केलेला. खेळ, एन.सी.सी., एन.एस.एस., सांस्कृतिक यांचे प्रतिनिधीही नेमलेलेच, आणि दोन विद्यार्थिनीही.

निवडणूक सुरू व्हायची ती याच्या वरच्या पायरीवर. नेमलेले विद्यार्थी आपल्यातून सचिव निवडणार आणि कॉलेजांचे सचिव विद्यापीठ पातळीवर जाणार. म्हणजे चढायला शिडी होती, फक्त पहिली पायरी मार्कशीटची होती. आणि मतदार मूठभर असले की काय होतं, हे गावाकडच्या कोणालाही सांगायला नको. सदस्यांतून सरपंच निवडला जायचा तेव्हा निवडीच्या आधी सदस्य 'सहलीला' जायचे, तसंच. हाणामारी टाळायला आणलेल्या पद्धतीने पळवापळवीला जागा करून दिली.

पुढचा टप्पा केरळमधून निघालेला. तिथल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2006 च्या मे महिन्यात आला आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त 5,000 रुपये, हजेरी 75 टक्के, विषय राहिलेला नसावा, पदासाठी एकदाच उभं राहता येईल. आणखी एक शिफारस फारशी कोणी सांगत नाही: नेमणुकीची पद्धत ही तात्पुरती सोय आहे, 5 वर्षांत सगळ्या संस्थांनी निवडणुकीकडे वळावं. हिशोब करा. ही मुदत 2011 च्या आसपास संपते. माझं नाव यादीत वाचलं गेलं ते त्यानंतर 5 वर्षांनी.

मग आला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला. इथे क्रियापदच बदललं. सी.आर.ला वर्ग निवडणार. कॉलेजच्या परिषदेचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव गटाचा प्रतिनिधी यांना कॉलेजचे सगळे नियमित विद्यार्थी निवडणार. हे निवडून आलेले चौघे विद्यापीठाच्या परिषदेसाठी मतदार. विद्यापीठ परिषदेच्या अध्यक्षाला थेट अधिसभेत जागा. कागदावर बघितलं तर नागऱ्याच्या मुलीला वर्गातल्या बाकावरून नागपूरच्या अधिसभेपर्यंत जायचा रस्ता मोकळा.

पण कायदा म्हणजे घटना नव्हे. 2019 साली निवडणुकांचं वेळापत्रक जाहीर झालं आणि विधानसभा निवडणूक तोंडावर आली म्हणून ते पुढे ढकललं गेलं. त्यानंतर कोविड आला.

तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल आणि एखाद्या संस्थेचा इतिहास हा विषय डोक्यात असेल, तर यातून तीन प्रश्न घ्या. एक, कायद्यात क्रियापद कोणतं आहे, 'नामनिर्देशित' की 'निवडून आलेला'? दोन, प्रत्येक पायरीवर मत कोणाला आहे आणि मतदार किती? तीन, जे लिहिलं ते खरंच घडलं का, आणि कोणत्या वर्षी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं राजपत्रात मिळतात. तिसऱ्यासाठी जुनी वर्तमानपत्रं, कॉलेजची वार्षिक नियतकालिकं आणि परिषदेची रजिस्टरं चाळावी लागतात. मुलाखतीही घ्या, पण शेवटी. कारण माणसं पद लक्षात ठेवतात, ते कसं मिळालं ते विसरतात. मी स्वतः विसरलो होतो.

आता थोडं आपल्याबद्दल. फेलोशिपचा उशीर, ग्रंथालयाच्या वेळा, गाइड न मिळणं, हे प्रश्न मांडायला संशोधक विद्यार्थी परिषदेत हवेत. लिंगडोह शिफारशींत संशोधक उमेदवारासाठी वयाची मर्यादा 28 आहे. मी यंदा ती गाठली. इतक्या वर्षांत मतपेटी एकदाही माझ्यासमोर आली नाही. मला फक्त ती यादी आठवते, आणि माझ्या मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवणारी ती मुलगी.